घर क्रमांक ४१८ समुद्राला निघते

निघायच्या आदल्या दिवशी उद्धवरावांनी मोजदाद केली तेव्हा घराला चाकं पाच होती. चार जमिनीवर आणि एक छपरावर, दोरखंडानं बांधलेलं. उंबरा एक. चूल एक, तिला वैल एक. जातं एक, पाटा एक, वरवंटा एक. हंडे दोन, कळशा दोन, तांबे तीन. तेलाच्या डब्यात लावलेली तुळस एक. खिडक्या दोन, त्यांपैकी उघडणारी एक. होकायंत्र एक. सारवलेली जमीन: लांबी नऊ फूट, रुंदी सहा फूट, जाडी तीन इंच. जमिनीत आग्नेय कोपऱ्याला पुरलेला वास्तुपुरुष एक. माणसं चार. आणि बाहेरून, हिरव्या रंगाच्या दोन थरांतूनही पुसट वर येणारे तांबडे क्रॉस, दोन बाजूंचे मिळून दोन.

हे सगळं मिळून एक राहतं घर होतं, असं गावच्या पंचायतीचं म्हणणं होतं. मोटारींच्या कचेरीच्या दप्तरात तो माल होता. गेनबा ड्रायव्हर त्याला 'गाडी' म्हणे, पण म्हणताना दुसरीकडे बघे. उद्धवरावांची बायको इंद्रायणी त्याला काहीच म्हणत नसे, आणि तिचं काहीच न म्हणणं उद्धवरावांना सगळ्यांत जास्त लागत असे.

उद्धवराव पिंपरीच्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. वय सत्तावीस, शिक्षण बीएस्सी, विषय रसायन. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. त्यांच्या आईला, यशोदाबाईंना, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा त्यांनी भिंतीवर दिनदर्शिका टांगली, जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि दर पंधरवड्याला आईला तारखा वाचायला लावल्या. जानेवारीत तिला तारीख अकरा फुटांवरून वाचता येत होती. मार्चमध्ये सात. मेच्या एक तारखेला तीन फूट आठ इंच. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर करू. दिसेलच याची खात्री मात्र देता येणार नाही.

त्या संध्याकाळी यशोदाबाई तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाल्या, "समुद्र तेवढा बघायचा राहिला. हे नेहमी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. सव्वीस वर्षं म्हणत होते."

हे म्हणजे उद्धवरावांचे वडील. ते जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे आता पुढच्या वर्षावर ढकलायची सोय उरली नव्हती.

एखाद्याला वाटेल, यात काय अवघड आहे? तिकीट काढावं, मुंबई गाठावी, समुद्र दाखवावा, संध्याकाळच्या गाडीनं परत यावं. अडचण यशोदाबाईंच्या नेमाची होती. उद्धवराव दोन वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला होता, आणि त्याच सुमारास यशोदाबाईंनी नेम धरला होता: स्वतःच्या चुलीवर शिजलेलंच, आणि तेही स्वतःच्या छपराखाली बसूनच खायचं. केळंसुद्धा आधी घरात आणायचं, देवापुढे ठेवायचं, मग सोलायचं. पंचवीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. बार्शीहून मुलाकडे राहायला आल्या तेव्हा चौदा तास त्यांनी पाण्यावर काढले होते. पण आता ते चालण्यासारखं नव्हतं. दर चार तासांनी पोटात काही गेलं नाही तर त्यांना भोवळ येई, आणि भोवळ येऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आपल्या जिवासाठी आईनं पंचवीस वर्षं परक्या घरचा घास घेतला नाही, या विचारानं उद्धवरावांना लहानपणापासून ओशाळल्यासारखं होई. त्यांनी प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं मांडला. आई चुलीपासून चार तासांपेक्षा जास्त दूर जाऊ शकत नाही. समुद्र चार तासांच्या बाहेर आहे. तेव्हा चूलच समुद्राकडे नेली पाहिजे. चूल छपराखाली हवी. म्हणून छपरालाच चाकं हवीत.

"तर्कात चूक दाखव," ते इंद्रायणीला म्हणाले.

"तर्कात नाही," इंद्रायणी म्हणाली, आणि विळीवर भेंडी चिरत राहिली.

दिघीच्या माळावर लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात उद्धवरावांना लढाईच्या काळातली एक अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली. ती चालते की नाही हे पाहायला त्यांनी महाळुंग्याच्या गेनबाला सोबत नेलं होतं. गेनबानं लढाईत ब्रह्मदेशात अशाच गाड्या हाकल्या होत्या. त्यानं बोनेट उघडलं, आत वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"चालेल का?" उद्धवरावांनी विचारलं.

"चालंल, सायेब. बोलवाल तितं न्हाई जायची, तिच्या मनात आसंल तितं जाईल. पर चालंल."

गाडी घराशेजारच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली आणि शेजारचे नानासाहेब काठी टेकत बाहेर आले. नानासाहेब मामलेदार कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. जगातली प्रत्येक गोष्ट हा मुळात एक अर्ज असतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि यशोदाबाईंना विचारलं, "वहिनी, हे घर आहे असं तुम्ही मानणार का?"

यशोदाबाईंनी दारातून आत पाहिलं. हातानं पत्रा चाचपला. "घर म्हणजे त्याला उंबरा हवा," त्या म्हणाल्या. "सारवलेली जमीन हवी. वास्तुशांत झालेली हवी. आणि घराला नंबर असतो."

"बरोबर," नानासाहेब म्हणाले. "नंबर हा हवाच."

इथे उद्धवरावांनी थांबायला हवं होतं. पण यातली एकेक अट वेगळी पाहिली तर अगदी साधी होती, आणि साध्या गोष्टींची बेरीज साधीच येते असा त्यांचा तोवर समज होता.

उंबरा बाभळीचा बसवला. तो गाडीच्या दारापेक्षा चार इंच रुंद निघाला, म्हणून दार तासलं. मग ते लागेना, म्हणून बाहेरून कडी बसवली. गुरुजी आले. त्यांनी सांगितलं, वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरावा लागतो. उद्धवराव म्हणाले, जमीन पत्र्याची आहे. गुरुजी म्हणाले, पत्र्यात पुरता येत नाही. तेव्हा पांढरी माती आणि शेण यांची तीन इंच जाडीची जमीन करावी लागली. ती माती चाकणला कांद्याच्या वखारीतल्या तागडीवर पाटीपाटीनं तोलून उद्धवरावांनी वजन काढलं. पंधरा मण भरलं. जमीन वाळली, चोपली, सारवली. मग गुरुजींनी विचारलं, "आग्नेय कुठली?"

"गाडी कुठे तोंड करून उभी आहे त्यावर आहे," उद्धवराव म्हणाले.

गुरुजींनी थोडा विचार केला. "स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला हवं. तेव्हा चूल ज्या भिंतीला मांडाल ती पूर्व. चूल पुढच्या भिंतीला मांडा, म्हणजे गाडीचं नाक ती पूर्व. चूल पेटेल तेव्हा नाक पूर्वेला राहील एवढं फक्त सांभाळा."

यशोदाबाईंनी मान हलवली. गेनबानंही हलवली, पण वेगळ्या दिशेनं.

पुढं नंबर. पंचायतीच्या छापील अर्जात घराची चतुःसीमा लिहायची असते. उद्धवरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'पूर्वेस नानासाहेबांचे कुंपण, पश्चिमेस वहिवाटीचा रस्ता, दक्षिणेस कडुलिंबाचे झाड, उत्तरेस उकिरडा. चतुःसीमा वेळोवेळी बदलण्याचा संभव आहे.' पंचायतीच्या चिटणीसांनी शेवटचं वाक्य शांतपणे खोडलं. "उकिरडा हलवायचा असेल तर वेगळा अर्ज करा," ते म्हणाले. आठ दिवसांत नंबर मिळाला. चारशे अठरा. इंद्रायणीनं तो पांढऱ्या रंगानं दारावर लिहिला. अक्षर सुरेख होतं.

मग उद्धवराव मोटारींच्या कचेरीत गेले, आणि तिथले एक निरीक्षक गाडी पाहायला स्वतः सायकलवर आले. ते आले तेव्हा चुलीवर आधण ठेवलं होतं, तुळशीपुढे उदबत्ती लागली होती, आणि यशोदाबाई उंबऱ्यावर बसून वाती वळत होत्या. निरीक्षकांनी दारावरचा नंबर पाहिला. मग पंचायतीच्या पावतीकडे पाहिलं, ती नानासाहेबांनी मोठ्या अभिमानानं पुढं केली होती.

"हे तर राहतं घर आहे," निरीक्षक म्हणाले.

"आणि मोटारही आहे," उद्धवराव म्हणाले.

"दोन्ही कसं असेल? आम्ही इमारतीला नंबर देत नाही, साहेब. आधी इमारत पाडल्याचा पंचायतीचा दाखला आणा."

पंचायत म्हणाली, दाखला देतो, पण आधी पाडा. पाडल्याशिवाय पंचनामा कसा करायचा? यशोदाबाई म्हणाल्या, वास्तुशांत झालेलं घर आठ दिवसांत पाडलेलं मी कधी ऐकलं नाही. उद्धवरावांच्या रजेचे दहा दिवस मंजूर होऊन आले होते आणि त्यातला पहिला सोमवारी सुरू होत होता. गुरुवारी ते डोकं धरून पायरीवर बसले. खडूच्या खुणेवर त्या सकाळी आईला तारीख तीन फूट एक इंचावरून वाचता आली होती.

मार्ग नानासाहेबांनीच काढला, आणि त्याबद्दल उद्धवरावांनी त्यांना अजून पूर्णपणे क्षमा केलेली नाही.

"पाडायचं कशाला? हलवायचं," नानासाहेब म्हणाले. "घर क्रमांक चारशे अठरा दुरुस्तीसाठी एक महिना जागेवरून हलवण्यास पंचायतीची हरकत नाही. हा झाला पंचायतीचा कागद. आता घर हा माल झाला. माल वाहून नेणाऱ्या गाडीची नोंद करायला मोटार कचेरीची हरकत नाही."

"आणि आम्ही?"

"मालगाडीत प्रवासी बसवता येत नाहीत. पण मालाबरोबर हमाल चालतात."

अशा रीतीनं सरकारी कागदावर नोंद झाली ती अशी: ड्रायव्हर, गेनबा. हमाल क्रमांक एक, उद्धवराव, बीएस्सी. हमाल क्रमांक दोन, इंद्रायणीबाई. हमाल क्रमांक तीन, यशोदाबाई, वय अठ्ठावन्न. 'बीएस्सी' हे उद्धवरावांनी हट्टानं लिहायला लावलं होतं. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते लिहिलं नसतं तर बरं दिसलं असतं.

सोमवारी सकाळी सहाला घर हललं. नानासाहेबांनी नारळ फोडला. सांगवीहून निरोप द्यायला आलेल्या इंद्रायणीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. तिला एवढंच समजलं होतं की जावयाची नोकरी सुटली आणि तो आता हमाली करतो.

पंधरा मण मातीनं गाडीचा वेग ताशी दहा मैलांच्या वर जाईना. आठ वाजता पहिला थांबा निर्वेध झाला. रस्त्याच्या कडेला मोकळं शेत होतं. उद्धवराव होकायंत्र घेऊन वीस पावलं दूर गेले, कारण लोखंडाजवळ सुई भरकटते. त्यांचं पाऊल दोन फूट चार इंचांचं होतं. हे त्यांनी कॉलेजात असतानाच मोजून ठेवलं होतं, आणि अंतर मोजायला त्यांना टेप लागत नसे. तिथून त्यांनी हात करून पूर्व दाखवली, गेनबानं नाक वळवलं, चूल पेटली, पोहे झाले.

दुसऱ्या थांब्याची वेळ बारा. बारा वाजता गाडी बोरघाटाच्या मधोमध होती.

"खाली उतरून थांबू, आई. अर्धा तास," उद्धवराव म्हणाले.

"मला गरगरायला लागलंय," यशोदाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. त्या फक्त कळवत होत्या.

गेनबानं वळणावर गाडी थांबवली. उद्धवराव वीस पावलं गेले. तिथे रस्ता नेमका दक्षिणोत्तर होता. पूर्वेला डोंगर होता, पश्चिमेला दरी. नाक पूर्वेला करायचं म्हणजे गाडी रस्त्यात आडवी घालायची.

"सायेब, नीट बगा," गेनबा म्हणाला. "थोडी तिरकी चालंल का? देवाला काय एवढं कळतंय?"

"वर सूर्य आहे की," आतून यशोदाबाई म्हणाल्या. "ते डबडं कशाला बघतोस?"

"बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, आई."

गाडी आडवी झाली. चुलीचा धूर घाटात पसरू लागला. पाच मिनिटांत खालून दोन ट्रक आले, वरून एक एस. टी. आली. पंधरा मिनिटांनी उद्धवरावांनी मोजली तेव्हा दोन्हीकडे मिळून तेवीस वाहनं होती आणि सगळी वाजत होती. गर्दीतून वाट काढत एक हवालदार चालत वर आला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"कागद," तो म्हणाला.

त्यानं कागद दोनदा वाचला. "माल काय म्हणालात?"

"घर. दुरुस्तीला चाललं आहे."

"कुठं?"

"समुद्रावर."

हवालदारानं टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "हमाल कुठायत?"

"मी एक," उद्धवराव म्हणाले.

हवालदारानं त्यांचा चष्मा पाहिला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातली दोन फाउंटनपेनं पाहिली. "बीएस्सी," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हंजे आता हमालीलाबी बीएस्सी लागतंय. आमच्या पोराचं कसं व्हायचं?"

एस. टी.तून कुणीतरी हसलं. उद्धवरावांनी त्या दिशेला पाहायचं टाळलं.

हवालदार मागच्या दाराशी गेला. "आन् ही पेटलेली चूल? ही मालात कशी?"

यशोदाबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. त्यांना दारात एक माणूस उभा आहे एवढंच दिसत होतं. "कोण रे बाबा? उन्हाचा आलास. उंबऱ्यावर उभा राहू नको, आत ये. ताक घे."

माणसाला कायदा माहीत असतो, पण दुपारी बाराला, घाटात, कुणी 'आत ये' म्हटलं की काय करायचं हे त्यात लिहिलेलं नसतं. हवालदारानं बूट काढले. तो सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला, दोन तांबे ताक प्यायला आणि पिठलं-भाकरीलाही नको म्हणाला नाही. मग बाहेर येऊन त्यानं पुढच्या वीस मिनिटांत गाडीच्या शेपटीमागून एकेक वाहन स्वतः काढून दिलं. एस. टी.चा ड्रायव्हर काही बोलू लागला तेव्हा तो म्हणाला, "आवाज नको. आत आई जेवतायत."

जाताना तो उद्धवरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, शिकलास तरी आईला घेऊन फिरतोस, हे चांगलं आहे. पण नोकरीचं काहीतरी बघ."

नंतर कधीतरी इंद्रायणी खिडकीकडे तोंड करून हसत होती, असा उद्धवरावांना संशय आला. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, धुरानं डोळ्यांत पाणी आलंय.

दुसऱ्या दिवशी नागोठण्याला त्यांना क्रॉस नडला. उन्हानं हिरवा रंग भाजला आणि तांबडा अधिकच वर आला. गाडी थांबताच दोन माणसं एका म्हाताऱ्याला बखोटीला धरून घेऊन आली. त्याचा गाल सुजला होता.

"मी डॉक्टर नाही," उद्धवरावांनी सांगितलं.

"मग काय करता?"

"औषधाच्या कारखान्यात आहे."

"तेच म्हणतो आम्ही," माणूस म्हणाला, आणि म्हाताऱ्याला उंबऱ्यावर बसवलं.

उद्धवराव रसायन आणि वैद्यक यांतला फरक समजावून सांगू लागले. ते अर्ध्यावर असताना इंद्रायणीनं डब्यातून लवंग काढली, म्हाताऱ्याच्या दाढेत धरायला दिली, आणि त्याला दोन मिनिटांत बरं वाटलं. ही बातमी गावात पोचायला तेवढाही वेळ लागला नाही. एकंदर अकरा रोगी आले. चार दाढांचे, तीन पोटाचे, दोन गुडघ्याचे, एकजण कशाचाही नसलेला, आणि एक म्हैस. वेळ गेला एक तास वीस मिनिटं. लवंगा संपल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अलिबागेत पोचले, आणि खरा समुद्रकाठचा प्रवास सुरू झाला. अलिबागेच्या गर्दीत आईला समुद्र दाखवणं उद्धवरावांना पटेना. अलिबागेहून रेवदंड्यापर्यंत अकरा मैल. नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून जातो. नकाशात नारळी-पोफळीच्या वाड्या दाखवलेल्या नसतात. त्या अकरा मैलांत उद्धवरावांना समुद्र नऊ वेळा दिसला, दर वेळी दोन झाडांच्या मधून, साधारण एक सेकंद. यशोदाबाईंना एकदाही नाही. समुद्र उजव्या हाताला होता आणि उजवी खिडकी न उघडणारी होती. नानासाहेबांच्या सल्ल्यानं तिच्यावर बरण्यांची फळी ठोकली होती. तारीख वाचायचं अंतर त्या सकाळी दोन फूट अकरा इंच होतं.

"आला का रे?" यशोदाबाई दर दहा मिनिटांनी विचारत.

"शेजारीच आहे, आई."

"आवाज येतोय," त्या म्हणत आणि पुन्हा गप्प बसत. उद्धवरावांना ते गप्प बसणं सोसवेना.

बारा वाजता त्यांनी गेनबाला रेवदंड्याच्या अलीकडे एका वाडीतून सरळ वाळूवर गाडी घ्यायला सांगितलं. आता पूर्वेचा नियम कधी नव्हे तो त्यांच्या बाजूनं होता: नाक पूर्वेला, म्हणजे मागचं दार बरोब्बर पश्चिमेला, समुद्रावर उघडणार. जेवण होईल, आई उठेल, वळेल, आणि समोर समुद्र. त्यांनी भरतीच्या वेळा वर्तमानपत्रातून उतरवून आणल्या होत्या. पूर्ण भरती एक वाजून चाळीस मिनिटांनी. पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं त्याची शेवाळाची रेघ वाळूवर दिसत होती. त्या रेघेच्या आत सहा फूट जागा सोडून त्यांनी गाडी उभी करवली.

वाडीतून एक बाई हात करत आली. शालनबाई तिचं नाव. वाडी तिचीच होती. "आवो, तितं नका लावू गाडी. वाळू भुसभुशीत हाय तितं. खालनं पानी लागतं."

"मी हिशेब केला आहे," उद्धवराव म्हणाले.

हिशेबात चूक नव्हती. हिशेबात वाळू धरलेली नव्हती. चुलीवर भात अर्धा शिजला असताना मागची चाकं चार इंच रुतली. गेनबानं इंजिन चालू केलं, चाकं फिरली, नऊ इंच रुतली. पुन्हा फिरवली, चौदा. घर समुद्राच्या बाजूला कलंडलं आणि तुळशीचा डबा फळीवरून घरंगळत दारातून बाहेर गेला.

"माती काढा, सायेब," गेनबा म्हणाला. "ह्या मातीनंच मारलंय."

फावडं शालनबाईंनी दिलं. यशोदाबाईंना आणि इंद्रायणीला खाली उतरवून गेनबा आणि उद्धवराव जमीन खणू लागले. आपल्या घराची जमीन आपणच खणून बाहेर फेकतो आहोत, अंगात बनियन आहे, आणि कागदावरची नोंद आता तंतोतंत खरी झाली आहे, हे उद्धवरावांना जाणवलं. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती. जातं गेलं. पाटा गेला. एक लाट, हिशेबापेक्षा मोठी, उंबऱ्यावरून आत आली. चूल फुस्स करून विझली आणि मधोमध दुभंगली. आग्नेय कोपऱ्यात फावड्याला काहीतरी लागलं. तांब्याच्या पत्र्याचा दीड इंचाचा वास्तुपुरुष. उद्धवरावांनी तो धुऊन आईच्या हातात दिला. त्यांनी तो कनवटीला लावला.

शालनबाईंच्या दोन बैलजोड्यांनी गाडी ओढून वाडीत आणली तेव्हा दीड वाजून गेला होता. शेवटचा घास आठ वाजता झाला होता. यशोदाबाई नारळाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आई," उद्धवराव त्यांच्यासमोर बसले. हाताला चिखल होता, चष्म्याची एक काच फुटली होती. "चूल मोडली. आता नवी चूल कुठून... आई, काहीतरी खा. मी पाया पडतो. माझ्यासाठी धरलास ना नेम, मग मीच सांगतो, सोड."

शालनबाई घरातून ताट घेऊन आल्या. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, चिमूटभर मीठ. "घ्या हो आई. गरम हाय."

यशोदाबाईंनी ताट जवळ ओढलं. वास घेतला. "कुळीथ तुम्हीच शिजवलात?"

"व्हय तर. आनि कोन शिजवनार?"

यशोदाबाईंनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. मग दुसरा घास घेतला. तिसरा जरा मोठा होता.

उद्धवराव बघत राहिले. "आई, नेम?"

"नेम पुतळाबाईच्या आमटीचा होता," यशोदाबाई म्हणाल्या.

"कोण पुतळाबाई?"

"तुझी आत्या. विसरलास? दर सणाला तिच्याकडे जेवायला जावं लागे. आमटीत ती काय घालायची ते देवाला ठाऊक. खाल्ली की मी दोन दिवस आडवी. नवऱ्याची थोरली बहीण. नको कसं म्हणायचं? मग नेम धरला. नेमाला कुणी आग्रह करत नाही."

"पण आत्याला जाऊन सहा वर्षं झाली."

"लगेच सोडला असता तर लोकांच्या लक्षात आलं असतं."

"आणि माझा ताप?"

"तो औषधानं उतरला," यशोदाबाई म्हणाल्या. "थोडं पिठलं वाढा हो शालनबाई."

गेनबा तोंडावर उपरणं धरून गाडीच्या पलीकडे गेला. इंद्रायणीनं पहिल्यांदाच लपवलं नाही; ती वाळूवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पंधरा मण, असं उद्धवराव मनाशी म्हणाले. तेवीस वाहनं. हमाल क्रमांक एक. मग त्यांनी ताटातली उरलेली भाकरी उचलली. पिठलं खरोखर चांगलं होतं.

जेवण झाल्यावर यशोदाबाईंनी हात धुतला, पदराला पुसला आणि झाडाला धरून उभ्या राहिल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड पश्चिमेला होतं. ओहोटी लागली होती. त्यांनी डोळे बारीक केले. मग त्यांनी बोट केलं.

"उद्धव, ते पांढरं काय हलतंय?"

"कुठे?"

"ते. आलं बघ. गेलं. आता परत येतंय."

उद्धवरावांनी खिशातून वही काढली. आईच्या पायाशी टाच टेकवली आणि बोटाच्या रेषेत सरळ चालू लागले. वाळूवरून, शेवाळाच्या रेघेवरून, ओल्या वाळूवरून, लाट फुटत होती तिथपर्यंत. त्र्याहत्तर पावलं झाली. पाण्यात उभं राहूनच त्यांनी गुणाकार केला आणि वहीत लिहिला.

एकशे सत्तर फूट चार इंच.